सगळ्या रोगांवर एकच बाटली

ऑस्ट्रेलियाला निघताना माझ्या बॅगेत कपडे कमी आणि औषधं जास्त होती. यात नवल काहीच नाही. आपल्याकडून परदेशी जाणारं माणूस म्हणजे चालतंबोलतं औषधाचं दुकान. भावजयीला हिंगाष्टक, तिच्या मैत्रिणीला केसांचं तेल, त्या मैत्रिणीच्या सासूला बाम. शिवाय या खेपेला अगदी तळाशी, टॉवेलात गुंडाळून, चार बाटल्या होत्या. त्यांच्याबद्दल फक्त मला आणि माझ्या धाकट्या भावाला ठाऊक होतं.

हा धाकटा भाऊ म्हणजे संजू. टूवूंबा नावाच्या गावात इंजिनिअर आहे. त्याचा फोन आला होता, "ताई, बाजारपेठेत तो शुगरवरचा अर्क मिळतो बघ, चार बाटल्या आण. मेधाला बोलू नकोस." दुसऱ्या दिवशी मेधाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन. "ताई, संजय गोळ्या घेतो म्हणतो, पण शुगर खाली येतच नाही. अंगठ्याला जखम झालीय, ती भरत नाहीये. मी नर्स, शिफ्टला रोज लोकांचे पाय बघते, आणि घरातलाच माणूस मला पाय दाखवत नाही. तुम्ही आलात की बघा ना जरा. त्याला सांगू नका हं."

झालं! इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी. त्यात माझा उजवा गुडघा. डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगून वर्ष लोटलं होतं, पण एक्स-रे काढला की ऑपरेशन सांगतात, हे आमच्या अख्ख्या कराडला माहीत आहे. म्हणून मी तो काढलाच नव्हता. लंगडत लंगडतच विमानात चढले.

ब्रिस्बेनच्या विमानतळावर औषधं आहेत असं प्रामाणिकपणे सांगितल्यामुळे माझी बॅग टेबलावर उपडी झाली. तिथला अधिकारी तरुण, गोरा, कानात बाळी घातलेला. त्याने अर्काची बाटली वर धरली आणि विचारलं, "हे कशावर?" मी चष्मा लावून लेबल वाचलं. साखर, रक्तदाब, संधिवात, मूळव्याध, केसगळती, अशक्तपणा आणि जुनाट सर्दी.

"सगळ्यावर?"

"सगळ्यावर."

"भांडीपण घासतं का?" असं म्हणून तो हसला, सगळ्या बाटल्यांची सीलं नीट तपासली आणि "नो वरीज" म्हणत बॅग बंद करायला मदत केली. मला मात्र ते भांड्यांचं जरा लागलंच. आपल्या औषधाला परक्याने हसलेलं सोसत नाही, मग ते औषध कसलंही असो.

टूवूंबा डोंगराच्या कड्यावर वसलं आहे. सपाटीवरून गाडी अचानक घाट चढू लागते, कानांना दडे बसतात आणि वर पोचल्यावर थंडगार वारा, लालभडक माती आणि निलगिरीचा वास. बस फारशा नाहीतच, दूध आणायलासुद्धा गाडी काढावी लागते. संजूच गाडी चालवत होता. त्याच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात मोजा आणि सँडल.

"पायाला काय झालं रे?"

"काही नाही गं, बूट चावला."

"कधी?"

"झाले असतील दोन महिने."

दोन महिने बूट चावतो होय! पण ओरडून उपयोग नव्हता. हा लहानपणापासून कासवाच्या जातीचा, ओरडलं की मान आत. अर्क मागितला तेव्हा म्हटलं, "बॅगेत तळाशी आहे, देते सावकाश."

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले. तिथे छत्रीसारखी गोल फिरणारी दांडी असते. चिमटे शोधायला शेडमध्ये (अवजारांच्या खोपटात) शिरले, तर गवत कापायच्या मशीनमागे एक खोका. आत त्याच अर्काच्या रिकाम्या बाटल्या गच्च कोंबलेल्या. म्हणजे माझ्या आधी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने आणल्या होत्या! आमच्या बाबांनाही साखर होती, आणि त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. मी खोका होता तसा ठेवला आणि चिमटे न घेताच बाहेर आले.

रविवारी मेधाला शिफ्ट होती. संजू म्हणाला, "चल ताई, तुला केव्हकडे नेतो. तू इतिहासाची मास्तरीण, तुला आवडेल." केव्ह हा त्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेला सहकारी. पश्चिमेला तासभर गाडी हाकली. लाल माती संपून काळी लागली, थेट आपल्या कृष्णाकाठासारखी, पण माणूस औषधालाही दिसेना. वाटेत एका बेकरीत गरम मीट पाय (मटणाचा खिमा भरलेली जाड करंजीच म्हणा) खाल्ला. पहिल्या घासाला रस कोपरापर्यंत ओघळला आणि माझ्या चांगल्या कुर्त्याचं वाटोळं झालं.

केव्हला एक अजब नाद. पडक्या घरांच्या मागच्या डनीचे (घराबाहेरच्या संडासाचे) जुने खड्डे तो खणतो आणि त्यांतून बाटल्या काढतो.

"अगं बाई! संडासाचे?" मी दोन पावलं मागे सरकले.

"शंभर-सव्वाशे वर्षांत सगळ्याची माती होते, लव्ह," तो म्हणाला. हा म्हातारा बायकांना सरसकट लव्ह म्हणतो. "काच तेवढी राहते."

त्याच्या शेडमधल्या फळ्या बघून मी माती, घाण, सगळं विसरले. निळ्या, हिरव्या, मधाच्या रंगाच्या बाटल्या खिडकीच्या उन्हात उभ्या. रक्त शुद्ध करणारी, यकृत सुधारणारी, बायकांच्या नाजूक तक्रारींवरची, रडणाऱ्या बाळाला शांत करणारी. या शेवटच्या बाटलीत अफू असायची, म्हणून बाळ शांत. काही बाळं कायमची, केव्ह म्हणाला. भिंतीवर तेव्हाच्या वर्तमानपत्रातली एक जाहिरात चौकटीत लावली होती. अंथरुणाला खिळलेली बाई तीन बाटल्यांत उठून गाई दोहायला लागल्याची हकिगत होती तिच्यात. मी एकेक बाटली हातात घेऊन विचारत सुटले. यात काय असायचं? कोण विकायचं? केव्हची कळी खुलली. गावोगाव घोडागाडी घेऊन फिरणारे विक्रेते, बाजाच्या तालावर बाटल्या खपवणारे भाषणबहाद्दर, सगळ्यांच्या गोष्टी त्याने हातवारे करून सांगितल्या.

त्याच सकाळी खणून काढलेली एक बाटली त्याने संजूच्या हातात दिली. "पूस आणि वाच, मेट." (मेट म्हणजे दोस्त.) संजूने बोटाने चिखल काढला आणि काचेवरची उठावाची अक्षरं मोठ्याने वाचायला लागला. रक्त. यकृत. मूत्रपिंड. सांधे. मज्जातंतू. वाचता वाचता तो खदाखदा हसला. "सगळ्यावर एकच! लोकपण काय येडे होते!"

मला हसू आलं नाही. मी केव्हला विचारलं, "पण या बाटल्या संडासातच का सापडतात?"

"लपवायला दुसरी जागा कुठे होती? दारू सोडल्याची शपथ घेतलेली माणसं टॉनिक म्हणून हे प्यायची. आत दारूच असायची. बायकोला, नाहीतर नवऱ्याला कळू नये म्हणून रिकामी बाटली खड्ड्यात."

संजूचं हसू तिथेच थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि मला घरच्या शेडमधला खोका सापडला आहे हे त्याला न सांगता कळलं.

केव्ह आपल्याच नादात होता. "हसू नये म्हणा त्यांना. माझ्या पणजीला साखरेचा आजार. असल्या ढीगभर बाटल्या प्यायली आणि गेली. करणार काय बिचारी? तेव्हा त्या आजारावर खरं औषधच नव्हतं."

परतीच्या वाटेवर संजू एकदम बोलला, "ताई, गोळ्या मी जानेवारीतच बंद केल्यात."

"का रे बाबा?"

"गोळ्या वाढतात, मग इन्सुलिन, आणि मग पाय. बाबांचं काय झालं, बघितलं नाहीस का तू?"

मला रडू फुटलं. रागही आला. "गाढवा, बाबांचा पाय इन्सुलिनने नाही गेला! इन्सुलिन नको म्हणून चार वर्षं काढे पीत बसले, त्याने गेला. केव्हच्या पणजीला औषध नव्हतं. तुझं तर उशाच्या ड्रॉवरमध्ये पडलंय!"

त्याने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

घरी मेधा शिफ्टहून आलेलीच होती. संजूने सोफ्यावर बसून गोळ्यांचं, अर्काचं सगळं सांगितलं, मोजा काढला आणि पाय पुढे केला. मेधाने खाली बसून मोबाइलचा टॉर्च लावला आणि बराच वेळ पाहिलं. "हाडापर्यंत गेलेलं वाटत नाहीये. उद्या सकाळी पहिल्यांदा डॉक्टर." मग माझ्याकडे वळली, "आणि ताई, तुम्हीसुद्धा आणल्यात ना बाटल्या?" मी निमूटपणे टॉवेल सोडला. चार भरलेल्या आणि खोकाभर रिकाम्या, सगळ्या केव्हच्या शेडमध्ये गेल्या. त्याने त्या निळ्या बाटल्यांशेजारी मांडल्याचा फोटो पाठवला.

मी निघाले तेव्हा जखम कडेने भरत आली होती आणि संजू रोज जेवताना सगळ्यांसमोर गोळी घेत होता. परतीच्या बॅगेत आता कराडकरांच्या फर्माइशी. शेजारच्या काकूंना माशाच्या तेलाच्या गोळ्या, वरच्या मजल्यावर निलगिरीचं तेल. आणि माझ्यासाठी एमूचं (तिकडच्या उंच, न उडणाऱ्या पक्ष्याचं) तेल. दुकानातल्या मुलीने छातीठोक सांगितलं होतं, सांधे, पाठ, एक्झिमा, भाजणं, सगळ्यावर चालतं.

परवा संध्याकाळी तेच गुडघ्याला चोळत बसले होते, तेवढ्यात संजूचा व्हिडिओ कॉल आला. त्याने आधी अंगठा कॅमेऱ्यासमोर धरला. कोरडा, गुलाबी, नव्या कातडीचा. मी देवाला हात जोडले.

"हातात काय आहे गं तुझ्या?"

"एमूचं तेल."

"कशावर?"

मी बाटली फिरवून लेबल वाचायला लागले आणि तिसऱ्याच आजाराला थांबले. पलीकडे तो हसत नव्हता. मेधाही येऊन त्याच्या मागे उभी राहिली होती.

"ताई," संजू म्हणाला, "एक्स-रे कधी काढतेस?"

मी झाकण लावलं आणि म्हटलं, "उद्या जाते."