फिलोमिना मावशींची फुलदाणी

गेल्या महिन्यात एका सकाळी भाईंदर पूर्वेच्या आमच्या गाळ्यासमोर रिक्षा थांबली आणि समुद्रकाठच्या उत्तन गावातल्या फिलोमिना मावशी उतरल्या. हातात गोणपाटात गुंडाळलेला लाकडाचा ओंडका. रिक्षावाल्याला हातसुद्धा लावू दिला नाही त्यांनी.

माझे बाबा तीस वर्षं लेथवर लाकूड कातायचं काम करतात. पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, लाटणी... ग्रॅज्युएट झाल्यावर मी गाळ्याचं इन्स्टाग्राम पेज सुरू केलं, आणि त्यावरची एक फुलदाणी मावशींच्या नातीनं त्यांना दाखवली होती.

ओंडका भेंडीचा होता. भाजीची भेंडी नाही हं, समुद्रकाठी वाढतं ते मोठं झाड. मावशींच्या अंगणातलं ते झाड वाऱ्यात पडलं आणि मुलानं सगळं जळणासाठी फोडून टाकलं. एवढा एक तुकडा मावशींनी बाजूला काढून ठेवला, कारण त्या झाडाखाली बसून त्यांचे मिस्टर जाळी सांधायचे.

ते गेले त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, ह्याच लाकडाच्या फुलदाणीत फुलं ठेवायची, एवढंच मावशींना हवं होतं. हातात तीन आठवडे होते.

बाबांनी ओंडका तोलून पाहिला, नख रुतवून पाहिलं. "ओलं आहे अजून. जाडसर कातून चार-सहा महिने भुशात ठेवायला लागेल," ते म्हणाले. मावशींचा चेहरा उतरला आणि मला ते बघवेना.

मी पटकन सांगितलं की आता तसं थांबावं लागत नाही, मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं तापवून लाकूड वाळवता येतं... मी वाचलंय. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गप्प झाले. मी मावशींना शब्द देऊन मोकळी झाले.

बाबांनी ओंडका लेथवर चढवला तेव्हा काय दिसलं म्हणून सांगू... वरून मळकट, आतून चॉकलेटी, मध्ये जांभळट रेषा. गाळ्यात गुलाबासारखा मंद वास पसरला. शेजारच्या गाळ्यातले भाई "क्या अगरबत्ती का काम चालू किया क्या?" म्हणून डोकावून गेले.

मग माझं शिक्षण सुरू झालं! जाडसर कातलेली फुलदाणी रोज मायक्रोवेव्हमध्ये, रोज वजन, वहीत नोंद. आई आठवडाभर कुरकुरत होती की दुधाला लाकडाचा वास येतोय. वजन उतरायचं थांबलं तेव्हा मी जाहीर केलं की लाकूड वाळलं. बाबांनी शेवटचा हात फिरवला, मी पॉलिश पेपर मारला, मेण लावलं. पाण्यासाठी आत काचेची नळी बसवली. इतकी देखणी वस्तू आमच्या गाळ्यातून आजवर बाहेर पडली नव्हती.

मिस्सेला दोन दिवस असताना सकाळी फुलदाणीवर झाकलेलं फडकं काढलं, तर गळ्यापासून पोटापर्यंत बोटभर लांब फट. दुसरा तुकडा नाही... ते झाडच आता कुठे नाही.

मी बाबांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, असं होणार?"

बाबा लेथवरचा भुसा झटकत राहिले. मग म्हणाले, "वाटत होतं. पण तू वाचलेलं होतंस. मी सातवी... म्हटलं, आपलंच चुकत असेल."

ह्या वाक्यावर मला रडू आलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून सगळे माझं कौतुक करतात, पण त्या पदवीपुढे बाबांनी स्वतःची तीस वर्षं गिळून टाकली होती आणि मला कळलंही नव्हतं.

आम्ही दोघं फुलदाणी घेऊन उत्तनला गेलो. काय बोलायचं ते मी रस्ताभर जुळवत होते. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, अंगठा फटीवरून खालपर्यंत फिरवला आणि आत गेल्या. मला वाटलं, आता संपलं.

त्या एक गंजका डबा आणि कापसाची वात घेऊन बाहेर आल्या. डब्यात त्यांच्या मिस्टरांची राळ होती. होडीच्या फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासून वर राळ आणि तेल भरायचं, म्हणजे पाणी आत येत नाही... वर्षानुवर्षं ते हेच करायचे आणि मावशी शेजारी बसून वाती वळून द्यायच्या.

"फाट पडली म्हनून काय झाला?" मावशी म्हणाल्या. "होडीला पन पडते. म्हनून होडी कोनी जालत न्हाय."

बाबांनी फुलदाणी दोन गुडघ्यांत धरली आणि मावशींनी बोथट पटाशीनं वात आत बसवली. बाबा शाळेतल्या मुलासारखे विचारत होते, राळ किती, तेल कुठलं, वाळायला किती वेळ. मावशी उत्तरं देत होत्या आणि मध्येच "हलवू नको रे" म्हणून दटावतही होत्या. मी वाती वळत होते... पहिल्या तीन त्यांनी नापास केल्या.

मिस्सेला आम्ही चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. फुलदाणीत पांढरी शेवंती होती. राळेची काळी रेघ मागे लपवली असेल असं मला वाटलं होतं... मावशींनी ती लोकांच्या बाजूला वळवून ठेवली होती.

मी अजूनही वाचते, व्हिडिओ बघते, वहीत नोंदी करते. पण आता बाबा एखादं वाक्य बोलून गप्प झाले, की मी लेथचं बटण बंद करते आणि त्यांना पुन्हा विचारते.