न दिसलेला वटवट्या

चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली बाई घरी बसली की काय होतं, ते सिस्टरच्या नवऱ्याला विचारावं. निवृत्तीनंतरच्या तिसऱ्याच आठवड्यात त्याने हात जोडले.

"अगं, चमचे कालही बावीसच होते. आज त्यांना पिल्लं होणार आहेत का?"

सिस्टर मोजतच राहिली. मोजणं हेच तिचं काम होतं. पोट शिवायला घेण्याआधी कापडाच्या घड्या, चिमटे, सुया सगळं मोजून तिने "काउंट बरोबर" म्हटल्याशिवाय सर्जन टाका घालत नसत. एकदा एक घडी कमी भरली, तर तिने मोठ्या सर्जनना चाळीस मिनिटं खोळंबून ठेवलं होतं. ते चिडले, वाट्टेल ते बोलले. ही जागची हलली नाही. घडी शेवटी त्यांच्याच चपलेला चिकटलेली निघाली.

आता मोजायला काही उरलं नव्हतं. गॅलरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी, अशा दिवसभर येरझाऱ्या. पुस्तक उघडायचं, दोन पानांत मिटायचं. शेवटी नवराच वाचनालयातून बातमी घेऊन आला. पक्षी बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे, दर रविवारी सकाळी तलावाच्या फाटकापाशी जमतं, नवशिक्यांनाही घेतात.

"पक्षी मोज," तो म्हणाला. "माझे चमचे तरी सुटतील."

पहिल्या रविवारी ती अर्धा तास आधीच पोचली आणि फाटकापाशी फेऱ्या मारत राहिली. हळूहळू अकराजण जमले. म्होरके होते भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना सगळे मास्तरच म्हणत. त्यांनी तिच्या गळ्यात मंडळाची जादा दुर्बीण अडकवली आणि मंडळी निघाली.

पाऊण तासाने मास्तर एका झाडाखाली थबकले.

"वटवट्या," ते कुजबुजले. "वरच्या बेचक्यात. पानाआड, उजवीकडे."

बारा दुर्बिणी वर गेल्या. सिस्टरला पानं दिसली. मग आणखी पानं दिसली. मग स्वतःच्याच पापण्या. तिने दुर्बिणीचं चाक फिरवलं, तशी पानं धूसर झाली.

"दिसला?" मास्तरांनी विचारलं. "हो, हो," सगळे म्हणाले आणि तिच्यासाठी थांबून राहिले. शेजारी गवती टोपी घातलेली एक बाई होती, बँकेतली. ती अगदी मायेने म्हणाली, "दिसला ना हो तुम्हाला?"

"हो, दिसला," सिस्टर म्हणाली.

फिरून आल्यावर मास्तरांनी वहीत लिहिलं: वटवट्या, एक, सर्वांनी पाहिला.

त्या 'सर्वांनी'ने तिचा आठवडा नासवला. कपड्यांच्या घड्या करताना आठवायचं, दात घासताना आठवायचं. मंगळवारी ती एकटीच त्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. वर कुठेतरी तो चिमुकला जीव टिक टिक करत होता, पण दिसेल तर शपथ. बुधवारी परत गेली. मान आखडली, तेवढंच पदरात पडलं. मास्तरांना तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा ते उचलायच्या आत ठेवून दिला.

"एवढ्याशा पाखरासाठी कसला जीव जाळतेस?" नवरा म्हणाला.

"थिएटरमध्ये मी असं खोटं बोलले असते तर माणूस गेला असता."

"झाडावर कोण जाणार आहे?"

"अहो, चौतीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते," ती म्हणाली आणि पुन्हा गॅलरीत गेली.

पुढच्या रविवारी मंडळाची वार्षिक गणना होती. तलावाचे चार भाग, चार गट. सिस्टर मास्तरांच्या गटात आली, टोपीवाली तिसरी. अक्षर चांगलं म्हणून तक्ता सिस्टरच्या हातात दिला. खाली सही करायला जागा होती.

पहिल्याच वळणावर पाण्यात बदकांचा मोठा थवा होता. मास्तरांनी दुर्बीण डावीकडून उजवीकडे फिरवली. "लिहा, चारशे."

"मोजली कधी?"

"अंदाज आहे, सिस्टर."

"मी मोजते." ती एकशे त्रेसष्टपर्यंत आली आणि वरून घार गेली. अख्खा थवा उठला, गोल फिरून भलतीकडेच बसला. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एक्याण्णवला अर्ध्यांनी बुड्या मारल्या.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "अजून तीन ठिकाणं आहेत. चारशे लिहा आणि चला."

"नाही लिहिणार." तिचा आवाज चढला. तिने पेनाला टोपण लावलं. "एकदा खोटं बोलून बसलेय. तो वटवट्या मला दिसलाच नव्हता."

टोपीवाली एकदम बुटाची नाडी बांधायला वाकली. मास्तर लालबुंद झाले.

"मग तेव्हाच सांगायचं होतं! ती यादी वनखात्याकडे गेलीसुद्धा. माझ्या सहीने गेली."

"तेव्हा धीर झाला नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी दुर्बीण पुन्हा एकदा थव्यावरून फिरवली. मग काठावरच्या दगडावर बसले आणि तिलाही बसायला सांगितलं. ती उभीच राहिली. त्यांनी शांतपणे समजावलं. आधी दहा बदकं नीट मोजायची. ती किती जागा व्यापतात ते बघायचं. मग तेवढे किती तुकडे सबंध थव्यात बसतात ते मोजून दहाने गुणायचं. आणि आकड्यापुढे 'अंदाजे' असं स्वच्छ लिहायचं, म्हणजे वाचणारा फसत नाही. तिने तसं केलं. आकडा आला तीनशे वीस. मास्तरांनी स्वतः करून पाहिलं, त्यांचा आला साडेतीनशे. तक्त्यावर तिने दोन्ही लिहिले, पुढे 'अंदाजे', आणि सही केली.

मंगळवारी दुपारी मास्तरांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"सिस्टर, मी एकेकाला विचारलं. त्या दिवशी वटवट्या सहाजणांनीच पाहिला होता. मला धरून सहा. बाकीच्यांनी नुसतं हो म्हटलं."

सिस्टर फोन कानाला लावून गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. "मग आता?"

"मग काय, दुरुस्ती पाठवली. आता दर वेळी प्रत्येकाला वेगळं विचारणार."

मंडळात याचं कौतुक झालं असं कोणी समजू नये. फेरी आता दीड तास लांबायची, दोघे कुरकुरत गळाले. टोपीवालीने दोन रविवार सिस्टरकडे बघितलंही नाही. सिस्टर चालताना वाळक्या पानांवर पाय देते, तिच्या चुळबुळीने पाखरं उडतात, अशी एक तक्रारही झाली, आणि ती खरी होती.

तिसऱ्या रविवारी टोपीवाली आपला थर्मास घेऊन शेजारी येऊन बसली. चहा ओतून पेला पुढे केला, पण चेहरा फुगलेलाच.

"काल सगळी डायरी काढून बसले होते," ती म्हणाली. "तुमच्यापायी माझे चौदा पक्षी खोडावे लागले."

"चौदाच?" सिस्टरने विचारलं. "नीट बघितलंत ना?"

टोपीवालीने डोळे वटारले, मग तिला हसू आवरेना. पेल्यातला चहा सांडला. सिस्टर हसली, पण बसवेना म्हणून उठली, आणि उरलेला चहा उभ्यानेच संपवून काठाकाठाने पुढे चालू लागली.