माझी सून खोटं रडत नाय

नव्वदच्या दशकात मी मुरबाडजवळच्या एका शाळेत शिकवत होते. पोटदुखीनं बेजार होऊन एकदा दवाखान्यात गेले, तेव्हा बाकावर शेजारी एक म्हातारी बसली होती. सून तिच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती आणि म्हातारी पदरानं तिच्या कपाळावरचा घाम टिपत होती. दोघी म्हसा गावाकडच्या कुठल्याशा पाड्यावरून आल्या होत्या.

त्यांचा नंबर आला. दार उघडंच राहिलं होतं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "अशक्तपणा आहे. बायकांना होतंच असं. गोळ्या देतो."

सून निमूट उठायला लागली. म्हातारीनं खांद्यावर हात ठेवून तिला परत बसवलं.

"मागल्या टायमालापन गोळ्याच दिल्या. डॉक्टर, पोटाला हात तरी लावून बघा. बालंतपनात हिनं तोंडातून हूं काढला नाय. ती आता गुरावानी वरडते. माझी सून खोटं रडत नाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सुनेला टेबलावर झोपवून पोट नीट तपासलं. ओटीपोटात गाठ हाताला लागली. त्यांनी लगेच ठाण्याच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली.

बाहेर आल्यावर सुनेला रडू फुटलं. "आई, माझं खरं व्हतं."

"मला ठावं व्हतं गो," म्हातारी तिचे केस सारखे करत म्हणाली.

पुढं त्या मला कधी दिसल्या नाहीत. त्या दिवशी मात्र माझं नाव पुकारलं गेलं, तेव्हा नेहमीसारखं 'जरासं दुखतंय' माझ्या तोंडून निघालं नाही.

"डॉक्टर," मी म्हणाले, "फार दुखतंय."