मागच्या गेटची किल्ली

मंडळी, आज मी धडधडीत खोटं बोललो.

ऑफिसातला मार्टिन लवकरच जर्मनीला परत चाललाय. जाण्याआधी त्याला धायरीचा जुना गावभाग बघायचा होता. तो माझ्या सोसायटीच्या मागेच आहे, पण अकरा वर्षांत मी कधी तिकडे फिरकलो नव्हतो.

एका मावशींनी आम्हाला ओट्यावर बसवून चहा दिला. म्हणाल्या, "देऊळ हितनं दोन मिनिटांवर हाय. पण सोसायटीवाल्यांनी मागलं गेट बंद केलं. आता मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जाते. तुम्ही कुठं राहता?"

"कोथरूडला," मी म्हणालो.

मार्टिनला तेवढं मराठी कळतं.

'बाहेरचे लोक आत येतात' म्हणून गेट बंद करायचा ठराव मीच मांडला होता. किल्लीही माझ्याकडेच आहे.

कुलूप उद्या काढेन हो. पण मावशींना काय सांगू?