घे म्हणजे दे

थोरल्याला बोलायला शिकवायचं म्हणून मी त्याला घेऊन तिसगावहून एसटीनं नगरला जायचे. तो पाच वर्षांचा, आणि मी डोक्यात हवा भरलेली. तिथल्या थेरपीच्या बाईंनी सांगितलं, बिस्किट समोर धरा, तो ‘दे’ म्हणेपर्यंत देऊ नका. एवढंच? मला वाटलं, दिवाळीपर्यंत पोरगा भाषणं ठोकेल. शेजारणींना तसं सांगूनही टाकलं. शहाणी मोठी! रोज दुपारी बिस्किट धरून बसायचे. तो मागेना, मी देईना. शेवटी मलाच भूक लागायची आणि पुडा मीच संपवायचे. त्या थेरपीनं वाढलं ते माझं वजन.

मग एकदा बिस्किटाकडे बघत तो म्हणाला, “घे.”

मी गल्लीत पेढे वाटले. नगरला जाऊन बाईंना सांगितलं, “बोलला! दानशूर निघाला पोरगा!”

बाई हसल्या नाहीत. “ताई, देताना तुम्ही ‘घे’ म्हणता ना? तेच त्यानं उचललंय. काही हवं असलं की आता तो ‘घे’ म्हणणार.”

तो शब्द सुलटा करायला आम्ही दोघींनी काय काय केलं! मी देताना मुकी राहिले. चित्रं दाखवली. नवऱ्याला समोर बसवून ‘दे’ म्हणायला लावलं. नवरा पटकन शिकला, तो मरेपर्यंत थांबला नाही. पोरगा मात्र ‘घे’वरच राहिला. आता त्याचे केस पिकायला लागलेत. घरात माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून ‘घे’ चालून जायचं.

यंदा माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आठवडाभर त्याला सुप्याला धाकट्याकडे ठेवलं. धाकटा कारखान्यात पाळ्या करतो, जेवायला वाढायची ती सून. मी घरी परतले तर त्याला पोचवायला आलेली सून कौतुकानं सांगायला लागली, “आई, भाऊजी लई गुणी हायेत. भाकर खाल्ली की ताट पुढं करायचे, ‘घे’ म्हनायचे. मी लगेच उचलायची. कायसुद्धा तरास न्हाई!”

थोरला दारात उभा होता. पँट एका हातानं धरून.

आठवडाभर तो आणखी भाकरी मागत होता. आणि मागितली की ताट जात होतं.

सुनेला सांगितलं तशी ती उठून भाकरीचं पीठ मळायला बसली. तिचा काय दोष? ती आमच्याकडे यायची तेव्हा मी त्याच्यावर मागायची वेळच येऊ द्यायचे नाही. आणि ‘घे’ म्हटल्यावर माणूस घेणारच. तिला आता कळलं. पण माझ्यामागं तो कुणाकुणाच्या हाती जाईल, त्या सगळ्यांना कोण सांगणार?

परवा पुन्हा पुडा फोडला. या वयात, त्याच बिस्किटापुढं! “दे म्हण, राजा.”

सुप्याहून राहायला आलेली नात शेजारून ओरडली, “दे!” पहिल्याच झटक्यात. तिला दिलं.

थोरला म्हणाला, “घे.”

त्यालाही दिलं. काय करू? ते हातात धरून त्यानं पुड्याकडे बघितलं. “घे.”

नातीनं त्याच्या हातातलं काढून घेतलं. “आजी, काका किती चांगलाय गं!”

तो रिकामा हात तसाच पुढं धरून म्हणाला, “घे.”