चैताचं रिकामं घर

खानेसुमारीला पटवारी येणार म्हटलं की गढवालच्या डोंगरातल्या बायका पुरुषांना लपवत. जितकी घरं कागदावर, तितके गडी वेठीला. दौऱ्यावरच्या गोऱ्या साहेबाच्या पेट्या, तंबू, मेमची खुर्चीसुद्धा चढावर वाहायची, तीही फुकट. चैताचा नवरा अशाच एका पेटीसकट दरीत गेला होता. आता घरात गडी एकच, मुलगा ख्याली.

तिनं चूल विझवली, दारावर काटेरी फांद्या ओढल्या आणि मुलगा नि म्हैस घेऊन वरच्या रानातल्या गोठ्यावर राहायला गेली. बहुतेक गावानं तेच केलं. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनी पटवाऱ्याला सांगितलं, "माणसं खाली मुलखात गेली. आता कोण येतंय परत?"

पुढं माणसं घरी परतली आणि जंगलाची हद्द आखली गेली. चैताच्या अंगणालगतच खांब उभा राहिला. त्यापलीकडची बांजाची झाडं सरकारी. पाला तोडला की रखवालदार विळा काढून घेई, आणि हिवाळ्यात म्हशीला घालायला बांजाच्या पाल्याशिवाय दुसरं काही नसे. चैता पटवाऱ्याकडं गेली.

"आमच्या वाटणीचं रान कुठंय?"

"वाटणी घरांवर, काकी. तुमच्या गावात राहती घरं चारच."

"मग मी काय भूत आहे?"

"तुमच्या दारावरचे काटे मी स्वतः पाहिलेत," पटवारी हसला.

"खोटं वागलो आम्ही, बाबा. पण आता लिही. घर आहे, मुलगा आहे, म्हैस आहे."

"म्हशीला कोण विचारतंय? मुलाचं नाव?"

"ख्याली," ती बोलून गेली.

त्यानं लिहून घेतलं. "रानाची वाटणी वरून झाली, ती आता बदलत नाही. वेठीची यादी मात्र माझ्याकडं असते."

"मग खोड ते नाव."

"कसं खोडू? आईनंच समोर उभं राहून सांगितलंय."

म्हैस तिनं माहेरी भावाकडं पाठवून दिली. पिकं निघाली तसा साहेबाचा दौरा लागला आणि ख्यालीला बोलावणं आलं.

"या साहेबाच्या पेट्या हलक्या असतात म्हणे, आई."

"कोण म्हणालं?"

"पटवारी."

चैतानं नाचणीच्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या, मग गाठ सोडून स्वतःच्या वाट्याची भाकरीही त्यात घातली.