दुसऱ्यांदा दिसेपर्यंत

विमानतळावर जायला निघाले तेव्हा नारपोलीतल्या आमच्या गल्लीत मालाचा टेम्पो आडवा उभा होता. बाबा रिक्षातून उतरून ओरडत होते, "भाई, जरा साइड दे, लडकी की फ्लाइट है!" मला मनातून वाटत होतं, तो टेम्पो हलूच नये. आई दिघाशीची, बोलणं अजून गावचंच. तिनं माझा हात धरला. "तिकडं काय दुखलंखुपलं तर सांग. लपवायचं न्हाय."

जर्मनीत मी पल्सर शोधते. पल्सर म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. तो गरागरा फिरतो आणि प्रत्येक फेरीला त्याच्या रेडिओलहरींचा झोत पृथ्वीवरून जातो. लाखो तारे दाटीनं राहतात अशा गोलाकार तारकागुच्छांत ते बरेच सापडतात, पण हरवतातही पटकन. जोडीदार ताऱ्याभोवती फिरताना त्यांच्या ठोक्यांची लय सरकते आणि सिग्नल गोंगाटात बुडून जातो. म्हणून एकदा दिसलेल्याला कुणी पल्सर म्हणत नाही. तो दुसऱ्यांदा दिसावा लागतो.

गेल्या हिवाळ्यात मला असा एक दिसला. त्यानंतरची निरीक्षणं मात्र कोरडी गेली. काँट्रॅक्ट संपत आलं होतं आणि पुढचं मिळणं बरंचसं तो पुन्हा दिसण्यावर होतं. कधी वाटायचं, तो नव्हताच, मला हवा होता म्हणून दिसला.

त्याच दिवसांत घरी फोन केला की आई म्हणायची, "बाबा लूमवर गेलेत." एका शुक्रवारीही तेच म्हणाली. शुक्रवारी तर आमच्याकडचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. मी लगेच धाकट्या भावाला, सचिनला, फोन लावला. तो म्हणाला, "ताई, बाबांना अटॅक आला. बायपास करायचीय. आई म्हणाली, तिला टेन्शन देऊ नको."

पुढचं निरीक्षण तोंडावर आलं होतं. ते सहकारी एलेनाच्या हवाली केलं आणि निघाले. विमानात छाती धडधडत होती. ती बाबांसाठी की त्या सिग्नलसाठी, हे मला सांगता आलं नसतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा बाबांना ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. आई बाकावर बसली होती. मी तिच्यावर चिडलेच. "मला लपवू नको म्हणालीस, आणि तू?"

"तू तिकडनं काय केलं असतंस? रडलीच असतीस ना एकटी?"

तेवढ्यात एलेनाचा मेसेज आला. सिग्नल पुन्हा दिसला होता, पहिल्यापेक्षा ठळक. मी फोन पर्समध्ये टाकला आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघत राहिले.

बाबा वाचले. वॉर्डात आल्यावर त्यांना पल्सरचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे नोकरी राहिली?"

"बहुतेक."

"चांगलं झालं." मग म्हणाले, "मग परत कधी जाणार?" आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

मी परत गेले. काँट्रॅक्ट वाढलं. बाबा पुन्हा लूमवर बसतात, जिना थांबत थांबत चढतात. फोनवर आता मी आईच्या शब्दावर विसंबत नाही. बाबांना कॅमेऱ्यासमोर चालायला लावते, ते कुरकुरत चालतात. आता जे सांगते ते बाहेर गेलेल्यांना कळेल, आणि मागे राहिलेल्यांनी रागावू नये. पूर्वी घर म्हणजे निर्धास्त झोप होती. आता घर म्हणजे तो नंबर, जो स्क्रीनवर दिसला की धास्ती वाटते, आणि दिसला नाही की त्याहून जास्त.